आधी त्याची तपासणी

मराठीत वांझ बाई असते, वांझ गाय असते, वांझ म्हैस असते. जमीन वांझ असते आणि निष्फळ चर्चेलाही आपण ‘वांझोटी’ म्हणतो. वांझ पुरुष मात्र नसतो. ज्याला मूल होऊ शकत नाही अशा पुरुषासाठी आपल्या बोलीने शब्दच घडवलेला नाही. ‘निपुत्रिक’ आहे, पण त्यात त्याच्या शरीराबद्दल काहीच नाही, त्याच्या नशिबाबद्दल हळहळ तेवढी आहे. शिवाय त्यात पुत्र आहे. तीन मुली असलेल्या माणसालाही लोक खुशाल निपुत्रिक म्हणतात. ‘नपुंसक’ आहे, पण ती शिवी आहे आणि ती दुसऱ्याच गोष्टीला लावतात.

या दोन गोष्टींची गल्लत इतकी खोलवर गेलेली आहे की आधी तीच सोडवायला हवी. शरीरसंबंध ठेवता येणं वेगळं आणि मूल होण्याजोगे शुक्रजंतू वीर्यात असणं वेगळं. ज्याला पहिली गोष्ट व्यवस्थित जमते त्याच्यात दुसरी नसू शकते. दिसायला धडधाकट, पहिलवान, मिशीला पीळ देणाऱ्या माणसाच्या वीर्यात एकही शुक्रजंतू नाही असं होऊ शकतं. शंभरातल्या साधारण एका पुरुषाच्या बाबतीत ते असतं. ते बाहेरून दिसत नाही, त्याला स्वतःलाही कळत नाही. कळण्याचा मार्ग एकच, वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. म्हणून ‘माझा लेक वाघासारखा आहे, त्याला काय तपासायचं’ हे सासूबाईंचं बोलणं वाघाच्या दृष्टीने ठीक असेल, प्रयोगशाळेच्या दृष्टीने त्याला काही अर्थ नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलं की जगातल्या दर सहा प्रौढ माणसांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. ‘माणसांपैकी’, ‘बायकांपैकी’ नव्हे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाकडची अडचण असते, कधी एकट्या त्याची, कधी दोघांची मिळून. ही माहिती नवी नाही. डॉक्टरांच्या पाठ्यपुस्तकात ती कित्येक दशकं आहे. मग ती माजघरापर्यंत, पारापर्यंत आणि खुद्द डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीपर्यंत का पोचत नाही?

आमच्या सल्ला केंद्रात ज्या बायका ‘मूल होत नाही म्हणून घरात त्रास आहे’ असं सांगत येतात, त्यांच्या हातात एक कापडी पिशवी असते. त्यात कागद. मी आता सवयीने ते कागद जमिनीवर तारखेवार मांडून बघते. एका बाईचे असे नऊ वर्षांचे कागद होते. सोनोग्राफी किती वेळा, ते मोजायचं मी सोडून दिलं. दोनदा क्युरेटिंग, ‘पिशवी धुतली’ म्हणून. एकदा नळ्यांमध्ये औषध सोडून एक्स-रे. तो किती दुखतो ते ज्यांनी काढून घेतलाय त्यांना विचारा. एकदा भूल देऊन पोटात दुर्बीण. थायरॉइड, रक्त, लघवी. बीज फुटण्याच्या गोळ्या, सहा महिने, मग परत सहा महिने. मधल्या काळात सोळा सोमवार, दोन नवस, एका गावची मुळी. तिच्या नवऱ्याच्या नावाचा त्या पिशवीत एकही कागद नव्हता. विचारलं तर म्हणाली, “ताई, मालकांना कसं म्हणायचं तपासून घ्या म्हणून? आणि डॉक्टर तरी कुठं म्हणाले?”

डॉक्टर म्हणाले नव्हते, हे खरंच होतं. दोन डॉक्टर झाले होते, दोघांनीही नवऱ्याला एकदाही बोलावलं नव्हतं. बाई समोर आली, बाईची तपासणी झाली, बाईची फी मिळाली. तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र नवरा आल्याशिवाय औषध देणार नाही असं सांगितलं. तेव्हा कुठे तो आला, आणि शुक्रजंतू शून्य निघाले. परत तपासलं, परत शून्य.

आता वाटेल की इथे तिची सुटका झाली. झाली नाही. रिपोर्ट आला त्या रात्री तिला सांगण्यात आलं की ही गोष्ट घराबाहेर जाता कामा नये. कुणी विचारलं तर तुझ्यातच दोष आहे असं सांग. आणि तिने तसं सांगितलं. जावेला, नणंदेला, स्वतःच्या आईलासुद्धा. नऊ वर्षं जे खोटं दुसरे तिच्याबद्दल बोलत होते ते दहाव्या वर्षी ती स्वतःबद्दल बोलू लागली. ती आमच्याकडे आली ती मूल व्हावं म्हणून नव्हे. नवऱ्याची दुसऱ्या लग्नाची बोलणी चालली होती म्हणून आली. रिपोर्ट ठाऊक असलेला माणूस दुसरी बायको करायला निघाला होता, कारण न केली तर गाव विचारेल, हिच्यात दोष आहे तर दुसरी का करत नाहीस?

हे एकीचं उदाहरण आहे, पण हा साचा आहे. त्याची अब्रू आणि तिची अब्रू तराजूत घातली की कुणाची हलकी ठरते हे सांगायला नको. अशाही बायका येतात ज्यांच्या लग्नाला चार-चार वर्षं झाली पण नवऱ्याने संबंधच ठेवलेला नाही किंवा त्याला ते जमलेलं नाही. सगळं गाव त्यांची ओटी भरायची टाळतं आणि त्या गप्प असतात, कारण बोललं तर बोलणारीचंच चारित्र्य निघतं. कोकणातल्या चाकरमान्यांच्या बायकांची गोष्ट वेगळी. नवरा मुंबईला, घरी येणार गणपतीला आठ दिवस आणि शिमग्याला चार. महिन्यातले गर्भ राहण्याजोगे दिवस असतात पाच-सहा. ते दिवस आणि त्याची रजा जुळली तर जुळली. तिथे दोष तिच्यात नाही, बहुधा त्याच्यातही नाही, दोष रजेच्या अर्जात आहे! पण तिलाही ऐकावं लागतंच.

खरं तर तपासणीचा क्रम नेमका उलटा असायला हवा. वीर्य तपासणी ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सोपी, सर्वांत स्वस्त आणि अजिबात न दुखणारी तपासणी आहे. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता, स्वच्छ रुंद तोंडाच्या डबीत वीर्य घ्यायचं आणि तासाभराच्या आत प्रयोगशाळेत द्यायचं. सुई नाही, भूल नाही, टाका नाही. संख्या किती, हालचाल किती, आकार कसा, हे त्यात कळतं. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाख ही संख्या खालची मर्यादा म्हणून दिलेली आहे. त्याहून कमी म्हणजे मूल होणारच नाही असंही नाही. रिपोर्ट वाईट आला तर परत करायची, कारण शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात आणि मधल्या तापानेसुद्धा एखादा रिपोर्ट बिघडतो. बाईच्या तपासण्या मात्र आत शिरून करायच्या आहेत, काहींना भूल लागते, काहींत जंतुसंसर्गाची भीती असते. जी तपासणी सोपी ती शेवटी आणि जी अवघड ती आधी, असा क्रम वैद्यकशास्त्राने घालून दिलेला नाही. तो घराने घालून दिला आहे आणि कित्येक डॉक्टर निमूटपणे पाळतात.

आपल्याकडचा शेतकरी याबाबत जास्त शहाणा आहे. पेरणीआधी तो घरच्या सोयाबीनची उगवण तपासतो. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडतो, गुंडाळी करतो, पाणी शिंपडत सावलीत ठेवतो आणि काही दिवसांनी कोंब मोजतो. सत्तरच्या खाली निघाले तर बियाणं वाढवतो नाहीतर बदलतो. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभरातून तक्रारी आल्या तेव्हा बियाणं कंपन्यांवर बोट दाखवलं गेलं, रानाला कुणी माहेरी धाडलं नाही. पण तोच शेतकरी घरी आला की बियाणं तपासायची गोष्ट विसरतो.

ही बीजाची उपमा मी मुद्दाम वापरली, पण ती आपल्याला मानवणारी नाही हेही सांगते. पुरुष म्हणजे बीज आणि बाई म्हणजे शेत, ही कल्पना आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. बीज मोलाचं, शेत नुसतं धारण करणारं. म्हणून पीक बीजवाल्याचं, मूल बापाचं. लीला दुबे यांनी १९८६ साली ‘बीज आणि भूमी’ या प्रतिमेवर लिहिलेल्या निबंधात या कल्पनेचा आणि मुलांवरच्या, मालमत्तेवरच्या पुरुषांच्या हक्काचा संबंध उलगडून दाखवला आहे. शास्त्राने ही कल्पना केव्हाच मोडीत काढली. सस्तन प्राण्यांमधलं स्त्रीबीज १८२७ साली फॉन बेअर यांनी दाखवून दिलं. गर्भाला तेवीस गुणसूत्रं आईकडून आणि तेवीस बापाकडून मिळतात हे आज शाळेतली पोरंही पाठ करतात. गंमत अशी की पीक आलं की ते बीजाचं, आणि आलं नाही की दोष शेताचा. उपमा वापरायची तर निदान पुरती तरी वापरा! मुलगी झाली की बाईलाच बोलायचं, हेही त्यातलंच. मुलगा की मुलगी हे बापाकडच्या गुणसूत्रावर ठरतं हे सांगून सांगून आपल्या कार्यकर्त्यांचा घसा बसला आहे.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. बाईच्या नळ्या बंद निघाल्या की ‘बघा, दोष तिच्यातच’ म्हणून सगळे मोकळे होतात. नळ्या कशाने बंद झाल्या? क्षयाने होतात, अडाण्याने केलेल्या गर्भपाताने होतात आणि परमा, क्लॅमिडिया यांसारख्या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगांनीही होतात. एकाच पुरुषाशी संसार केलेल्या बाईला तो रोग आला कुठून? गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या साडेसहाशे बायकांची तपासणी करून १९८९ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ९२ टक्के बायकांना एक किंवा अधिक स्त्रीरोग वा लैंगिक रोग निघाले, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे तिच्या शरीरात दोष सापडला तरी त्याचा इतिहास पुष्कळदा तिच्या शरीरात सुरू झालेला नसतो. नवऱ्याला सोडून तिच्या एकटीचा उपचार केला तर तो रोग परत येतो, हे वेगळंच.

पुरुषांना न तपासण्याने पुरुषांचंही नुकसान होतं, हे मी त्यांची बाजू घेण्यासाठी नव्हे, वस्तुस्थिती म्हणून सांगते. वृषणाजवळच्या शिरा फुगणं हे पुरुषांच्या वंध्यत्वात वारंवार आढळणारं कारण आहे आणि पुष्कळांत त्यावर उपचार होतात. वयात आल्यावर झालेले गालगुंड वृषणापर्यंत उतरू शकतात. तंबाखू, दारू, भट्टीजवळचं काम, आणि आता शरीर कमावण्यासाठी जिममध्ये टोचली जाणारी संप्रेरकं, हे सगळं शुक्रजंतूंना मारक आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका कीडनाशकाच्या कारखान्यात कामगारांच्याच लक्षात आलं की आपल्यापैकी अनेकांना मुलं होत नाहीत. १९७७ साली तपासण्या झाल्या, डीबीसीपी या रसायनाने त्यांचे शुक्रजंतू नष्ट केल्याचं निघालं, आणि त्या रसायनावर बंधनं आली. त्या कामगारांनी बायकांना माहेरी धाडून दिलं असतं तर हे कधी कळलं असतं का? आपल्याकडे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. जे वाचले, जे दर वर्षी पाठीवर पंप घेऊन कपाशीत फिरतात, त्यांच्या अंगात काय काय साठतं हे शोधण्याचा एक रस्ता वीर्य तपासणीतून जातो. तो रस्ता आपण ‘वांझ’ या एका शब्दाने बंद करून ठेवला आहे.

तपासणी टाळली की बाई जाते बुवाकडे. महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत इतर अघोरी प्रकारांबरोबर एक गुन्हा असा लिहावा लागला आहे: मूल न होणाऱ्या बाईला दैवी शक्तीने मातृत्व देण्याचं आमिष दाखवून तिच्याशी लैंगिक संबंध ठेवणं. कायदा करणाऱ्यांना हे कलम सुचलं ते कल्पनेतून नव्हे. बुवाला शिक्षा व्हायलाच हवी. पण तिला त्या मठापर्यंत घेऊन गेलं कोण, लेकाला प्रयोगशाळेत न पाठवता सुनेला अमावास्येला पाठवलं कोण, हे विचारणारं कलम कुठल्याच कायद्यात नाही. काही घरांत तर बुवाचीही गरज पडत नाही. ‘घरातलं घरात’ म्हणून दिराकडे बोट दाखवलं जातं. तिची संमती कुणी विचारत नाही आणि ती ओरडली तर घर तिचं नसतं.

दुसऱ्या लग्नाबद्दलही थोडं. मुंबई प्रांतात १९४६ साली हिंदूंमध्ये एक बायको असताना दुसरी करायला बंदी करणारा कायदा झाला. त्याला आव्हान देताना धर्माचा आधार घेतला गेला, मुलासाठी दुसरी बायको करावी लागते असा. ‘मुंबई राज्य विरुद्ध नरसू अप्पा माळी’ या १९५१ सालच्या खटल्यात न्यायमूर्ती छागला यांनी त्याचं साधं उत्तर दिलं: मुलगा हवा असेल तर त्याच धर्मात दत्तक घेण्याची सोय आहे, त्यासाठी दुसरी बायको लागत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही दुसरं लग्न बेकायदा ठरवलं, आणि त्या कायद्यात मूल न होणं हे घटस्फोटाचं कारण नाही. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली पहिली बायको असताना दुसरी करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही ‘मूल नव्हतं म्हणून केली’ असं म्हटलं की पंच माना डोलावतात, पोलीसही डोलावतात. मी अशी दोन घरं पाहिली आहेत जिथे दुसरीलाही मूल झालं नाही. दोन्ही ठिकाणी दुसरीही वांझ ठरली. दोन शेतं नापीक आणि बियाणं मात्र सोन्याचं! एका घरात तिसरीची चर्चा चालू होती.

नवं तंत्रज्ञान आलं म्हणजे हा अन्याय संपेल असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा थांबावं. १९८६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉक्टरांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं तेव्हा केवढा गाजावाजा झाला. १९९२ साली ‘इक्सी’ आलं. एकच शुक्रजंतू सुईने थेट स्त्रीबीजात सोडायचा. ज्या पुरुषांत शुक्रजंतू फार कमी आहेत त्यांच्यासाठी हे वरदान आहे यात शंका नाही. पण हे वरदान कुणाच्या शरीरावर उतरतं ते पाहा. अडचण त्याची, आणि दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनं तिला. बीजांडं सुजण्याचा धोका तिला, भूल देऊन सुईने बीजं काढायची तिची, गर्भ टिकला नाही तर रक्तस्राव तिचा, आणि ‘एवढे लाख घालवले, टिकवता आलं नाही’ हे ऐकायचं तिने. त्याचं काम डबी भरून दिली की संपलं. दवाखान्याच्या जाहिरातीत फोटो आईचा असतो, केसपेपरवर पहिलं नाव तिचं असतं. मूल नको असतं तेव्हाही असंच चालतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के बायकांची नसबंदी झालेली होती. नवऱ्याची नसबंदी झालेली जोडपी होती ०.३ टक्का. मूल नको तेव्हा टाका तिला, मूल हवं तेव्हाही टाका तिलाच.

आपल्यातल्या काही मैत्रिणी म्हणतात, दोष याचा की तिचा हा हिशेबच कशाला? बाईचं माणूसपण मातृत्वावर तोलू नये हे आपलं म्हणणं असताना आपणच कोण नापीक हे शोधत बसायचं का? आणि उद्या पुरुषाच्या कपाळावर तोच शिक्का मारायचा का? हा आक्षेप मला मान्य आहे, पण अर्धा. शिक्का कुणावरच नको. मूल न होणं हा ना तिचा गुन्हा ना त्याचा. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानेसुद्धा वंध्यत्वाची व्याख्या करताना जोडप्याला गर्भ न राहणं असंच म्हटलं आहे. मूल नसलेलं घर हे घरच असतं, हेही आपण म्हणत राहूच. पण ज्या बाईला उद्या सकाळी माहेरी सोडणार आहेत तिला ‘मातृत्व म्हणजे सर्वस्व नव्हे’ हे सांगून भागत नाही. तिच्या हातात कागद लागतो. तिच्यावरचा आरोप खोटा असेल तर तो खोटा आहे असं लिहिलेला, सहीशिक्क्याचा कागद.

म्हणून केंद्रांवर काम करणाऱ्यांसाठी काही सुचवते. मूल होत नाही या कारणाने तक्रार आली की पहिल्याच भेटीत विचारा, नवऱ्याची तपासणी झाली आहे का, कधी, रिपोर्ट कुठे आहे. नोंदीच्या फॉर्मवर तो रकाना नसेल तर हाताने आखा. नवऱ्याच्या तपासणीआधी बाईची दुर्बीण किंवा क्युरेटिंग सांगितलं असेल तर तिच्याबरोबर जाऊन डॉक्टरांना कारण विचारा. लेखी विचारलं तर उत्तर लवकर मिळतं. रिपोर्टाची एक प्रत तिच्याकडे राहील असं बघा. त्याच्यात अडचण निघाली तर ती चारचौघांत जाहीर करायची की नाही हे त्या दोघांनी ठरवावं, पण तिने खोटं बोलून ती स्वतःवर घ्यायची अट घातली जात असेल तर तो छळ आहे, आणि छळ म्हणून त्याची नोंद करा. समझोत्याच्या बैठकीत सासरचे ‘हिच्यात दोष आहे’ म्हणाले की आपण ‘बरं, पण…’ अशी सुरुवात करू नये. रिपोर्ट मागावा आणि तो येईपर्यंत पुढचं काही बोलू नये.

वर सांगितलेल्या बाईची दुसऱ्या लग्नाची बोलणी थांबली. त्याच्या मामांसमोर तिने तो कागद ठेवला. मामा बराच वेळ वाचत बसले, मग चष्मा काढून म्हणाले, “हे आधीच का नाही केलं?” नऊ वर्षांच्या त्या पिशवीत घालायला त्याच्या नावाचे दोन कागद आता आहेत.